मोटरच्या पायावरचा शेंदूर

१९४३ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, जळगावातल्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यातली मुख्य मोटर चालू असताना बैठकीवरून उखडली. शाफ्टला, म्हणजे सगळी यंत्रे फिरवणाऱ्या छताखालच्या लांब दांड्याला, तेल घालणारा कामगार जागीच मेला. कामगारांनी कारखान्याच्या फिटरला मारले आणि पोलिसांच्या ताब्यात दिले. आरोप घातपाताचा होता.

मी त्या वेळी एका साप्ताहिकाचा जळगावचा बातमीदार होतो. राहायची खोली कारखान्याच्या फाटकासमोर होती. पट्ट्यांचा आवाज दिवसभर कानावर असे, म्हणून तो थांबला की लगेच कळे. त्या सकाळी तो थांबला नाही. आधी तो चढला, मग घण मारल्यासारखे दोन ठोके ऐकू आले आणि मग माणसांचा आवाज आला. मी आत पोचलो तेव्हा जमिनीवरच्या कापसाने पेट घेतला होता आणि बायका घमेल्यांनी वाळू टाकत होत्या.

काय झाले ते समजायला मोटरची ठेवण माहीत हवी. या विलायती मोटरची बॉडी बिडाची होती. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते जड आणि मजबूत असते, पण वाकत नाही. ताण सोसेनासा झाला की काचेसारखे फुटते. मोटरच्या आतली तार, फिरणारा गाभा, दोन्ही बाजूंची झाकणे, सगळे या बॉडीच्या आधाराने जागेवर राहते. बॉडीला खाली चार पाय ओतलेले असतात आणि पायांतून बोल्ट घालून मोटर दगडी बैठकीवर आवळतात. पट्टा मोटरला सतत शाफ्टच्या दिशेने ओढत असतो. म्हणून शाफ्टपासून लांबच्या बाजूचे दोन पाय तिला धरून ठेवतात. त्या सकाळी यांपैकी दाराकडचा पाय आधी तुटला आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. मोटर पट्ट्यावर उलटी झाली, पट्ट्याने तिला फरफटत नेऊन खांबावर आपटले आणि झाकणाचे तुकडे झाले. एक तुकडा शिडीवर उभ्या असलेल्या तेलवाल्याच्या मानेत घुसला. दुसऱ्या तुकड्याने एका बाईच्या हाताचे हाड कोपराखाली मोडले. वीज तोडली जाईपर्यंत तुटलेली केबल जमिनीवर ठिणग्या टाकत होती.

तेलवाला मुकादमाचा धाकटा भाऊ होता. मुकादमाला सगळे नाना म्हणत. कारखान्यात मजूर लावणे, काढणे, पाळ्या बांधणे, भांडणे मिटवणे ही कामे त्याची. माणूस पन्नाशीचा, अंगाने रुंद, बोलायला थोडा. भावाला त्यानेच गावाहून आणून कामाला लावले होते आणि त्याचे लग्नही त्यानेच यावलकडच्या घरात करून दिले होते. मी पोचलो तेव्हा त्याने भावाचे डोके मांडीवर घेतले होते. थोड्या वेळाने त्याने ते खाली ठेवले, उठला आणि फिटरकडे गेला.

फिटर मूळचा चाळीसगावचा. रेल्वेच्या कारखान्यात काम शिकलेला. जुना फिटर पलटणीत भरती होऊन गेला, त्याच्या जागी हा गेल्या दिवाळीनंतर आला होता. माझ्याच खाणावळीत जेवायचा. मोटरवर लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याचे दुसरे टोक तो कानाला लावी आणि आतला आवाज ऐके. बायकांनी त्याचे नाव वैद्य पाडले होते. यंत्रात कापूस घालणाऱ्या एका बाईने त्याला एकदा विचारले, “वैद्यबोवा, पोऱ्या व्हई का पोर?” त्याने कान न काढता सांगितले, “जुळी आहेत, अक्का. एक तुझ्या ओटीत घालतो.” मोटर चालू असूनही ते हसू बाहेर अंगणात ऐकू आले होते.

अपघाताच्या वेळी फिटर विजेच्या खटक्याजवळ उभा होता. ठोका ऐकताच वीज त्यानेच तोडली. ती तोडली नसती तर जमिनीवरच्या केबलने आणखी माणसे गेली असती. पण कामगारांनी पाहिले ते एवढेच, की तो आधीपासून तिथे उभा होता. शिवाय आदल्या संध्याकाळी काम बंद झाल्यावर तो मोटरच्या पायांवर हातोडीने ठोके मारताना सगळ्यांना दिसला होता.

नानाने त्याला गळपट्टीला धरून मोटरच्या रिकाम्या बैठकीपाशी आणले. मी तिथून चार हातांवर होतो.

“काल सांजले तू देवना पायवर हातोडी मारी. बठ्ठासनी देखं.”

“आवाज पाहत होतो, नाना,” फिटर म्हणाला. “वाजवून पाहत होतो.”

नानाने त्याच्या पोटात लाथ घातली. तो वाकला तेव्हा दुसऱ्या कोणी तरी कापसाच्या गठाणी बांधायची लोखंडी पट्टी त्याच्या पाठीवर ओढली. मग कोणी काय मारले हे वेगळे सांगता येत नाही. तो पडला की त्याला उभे करीत आणि पुन्हा पाडत. एकाने त्याचा उजवा हात बैठकीवरच्या लोखंडी रुळावर धरला आणि दुसऱ्याने त्यावर मोठा पाना हाणला. बोटे मोडल्याचा आवाज मी ऐकला. कारखान्याचा मॅनेजर ऑफिसच्या दारात उभा होता. तो पुढे आला नाही. पोलीस आले तेव्हा फिटरला धड उभे राहता येत नव्हते.

नाना ज्याला देव म्हणाला तो मोटरचा दाराकडचा पाय होता. हे जुने प्रकरण होते. मोटर आली त्या पहिल्या हंगामात पट्टा तुटून एका मजुराच्या डोक्यावरून गेला आणि त्याला ओरखडाही आला नाही. त्या दसऱ्याला खंडेनवमीची हत्यारे पुजताना नानाने दाराकडच्या पायाला शेंदूर लावला, पितळी डोळे बसवले आणि नारळ फोडला. पुढे दर दसऱ्याला त्यावर नवा थर चढत गेला. काही वर्षांत पायाचा आकार दिसेनासा झाला. तिथे शेंदराचा गुळगुळीत गोळा झाला आणि तो वर बॉडीपर्यंत पोचला. हंगाम सुरू करताना कामगार आधी त्याच्या पाया पडत. तो शेंदूर कोणी खरवडायचा नाही, असा कारखान्यात नियम होता, आणि मॅनेजरनेही तो मोडला नव्हता.

बीड फुटले आहे का हे पाहायची रीत सोपी आहे. त्यावर हलकेच हातोडी मारायची. अखंड असेल तर ते घंटेसारखे वाजते, आत चीर असेल तर बद्द आवाज येतो. बाया मडके घेताना जे करतात तेच. मोटरचा थरकाप वाढला आहे असे फिटरला वाटत होते, म्हणून त्या संध्याकाळी त्याने चारही पाय वाजवून पाहिले. तीन पाय खणखणीत वाजले, शेंदराचा पाय बद्द वाजला. एवढा जाड शेंदूर असल्यावर आवाज बद्दच येणार, असे तो समजला. तरी सकाळी मोटर चालू होताना तो खटक्याजवळ थांबला. हे त्याने मला पुढे, पोलीस पहाऱ्यात दवाखान्यात असताना, सांगितले. पोलिसांनाही त्याने हेच सांगितले होते.

पोलिसांना ते पटले नाही. ऑगस्टपासून जिल्ह्यात तारा तोडल्या जात होत्या, रुळांच्या पट्ट्या काढल्या जात होत्या, आणि वरून रोज विचारणा होत होती. कारखान्याच्या गठाणी तंबूच्या कापडासाठी जात होत्या, त्यामुळे हे युद्धकार्यात अडथळा आणण्याचे प्रकरण ठरत होते. चौकीत फिटरच्या तळपायांवर वेताने मारण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्याने गुन्हा कबूल केल्याचे सांगण्यात आले. उजवा हात निकामी असल्याने कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला होता. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण शहरभर पसरायला ती पुरली. शिक्षा होणार हे सगळे धरून चालले होते. वकील लोक बाररूममध्ये फक्त किती वर्षांची यावर बोलत.

हंगाम ऐन भरात होता. मालकाने दुसऱ्या मोटरसाठी मुंबईला तारा केल्या. युद्धामुळे नवी मोटर मिळणे शक्य नव्हते. मग त्याने मॅजिस्ट्रेटकडून दुरुस्तीची परवानगी काढली. पोलिसांनी जप्त केली होती ती फक्त हातोडी. जळगावातले ओतारी उसाचे चरक आणि कडबा कापायची यंत्रे ओतत; मोटरची बॉडी ओतण्याची हिंमत कोणी करेना. धुळ्यात एक ओतारी इंजिनांची कामे करीत असे. त्याच्याकडे फुटकी बॉडी आणि तुटलेले दोन्ही पाय नेऊन नवी बॉडी ओतून घ्यायची ठरली. लोखंडाची टंचाई होती, म्हणून माप घेऊन झाल्यावर जुने बीड त्याच भट्टीत घालून नव्यासाठी वापरायचे होते.

आमचे साप्ताहिक धुळ्याला छापले जाई. मजकूर घेऊन मला दर आठवड्याला तिकडे जावे लागे. पेट्रोल मिळत नसल्याने मालकाची लॉरी कोळशाच्या गॅसवर चाले. तिच्यात ड्रायव्हरशेजारी मला जागा मिळाली. मागे बॉडीजवळ नाना बसला होता. मालकाने त्याला पाठवले नव्हते. तो स्वतः आला होता. देवाचा शेंदूर परक्या माणसाने काढू नये आणि काढलेली खोळ कचऱ्यात पडू नये, वाहत्या पाण्यात सोडावी, एवढे त्याने ड्रायव्हरला सांगितले होते. भावाचा दहावा नुकताच झाला होता. डोके भादरलेले होते.  पारोळ्याला लॉरी थांबली तेव्हा ड्रायव्हरने चहा देऊ केला, तो त्याने घेतला नाही.

ओतारी म्हातारा होता आणि एका डोळ्याने अधू होता. त्याने बॉडीभोवती फेरी मारली, तुटलेले पाय पायानेच उलटवले. नाना त्याच्यावर धावून गेला. देवाला पाय कसला लावतोस, असे म्हणून त्याने म्हाताऱ्याला भिंतीशी दाबले. भट्टीवरच्या माणसांनी दोघांना सोडवले. ओताऱ्याने धोतर झटकले आणि सांगितले की शेंदूर तुम्हीच काढा, मला तो काढल्याशिवाय माप घेता येणार नाही.

नानाने नारळ फोडला, पाणी पायावर शिंपडले आणि लाकडी दांड्याने हलके ठोके द्यायला सुरुवात केली. शेंदूर खोळीसारखा सुटू लागला. मोठमोठ्या पापुद्र्यांनी तो उतरत होता आणि नाना ते पंच्यात ठेवत होता. कडेला थर दिसत होते. वरचे दोन थर विटकरी होते, खालचे सगळे केशरी. युद्धात शेंदूर मिळेनासा झाला तेव्हा गेल्या दोन दसऱ्यांना नानाने त्यात गेरू मिसळला होता, म्हणून हा फरक पडला होता.

पाय मोकळा झाल्यावर ओताऱ्याने तो उचलून उजेडात धरला. तुटलेली बाजू त्याने अंगठ्याने पुसली. अर्ध्या भागात बीड करडे आणि चकचकीत होते. तो भाग नुकता तुटलेला. उरलेल्या अर्ध्या भागात ते काळे होते, तेलाने भिजलेले, आणि त्या काळ्यात बाहेरच्या कडेपासून आतपर्यंत शेंदूर मुरलेला होता. ओताऱ्याने पाय नानापुढे धरला.

“नाना, हाई चीर जुनी शे,” तो म्हणाला.

“कितली जुनी?”

“तुम्हीच सांगा. रंग तुम्हना शे.”

नानाने पाय हातात घेतला. चिरेतला रंग केशरी होता. त्यात गेरू नव्हता. त्याने नखाने थोडा खरवडून काढला, तळहातावर चोळला, पंच्यातल्या पापुद्र्याशेजारी धरला. मग त्याने तुटलेला पाय जमिनीवर आपटला. भट्टीजवळ घण पडला होता, तो उचलला आणि डोक्यावर नेला. ओताऱ्याची माणसे मागे सरली. घण खाली आला तो पायावर नाही, शेजारच्या मातीवर. त्याने तो तीनदा मातीत हाणला. मग पाय गोणपाटात गुंडाळला, पंचा खांद्यावर टाकला आणि बाहेर पडला. ओतारी मागून म्हणाला की मला माप हवे आहे. नानाने मागे पाहिले नाही.

मी छापखान्यात जायचे सोडून त्याच्या मागे गेलो. तो पांझरेच्या काठी गेला. नदीला पाणी बेताचे होते. धुणाऱ्या बायकांपासून दूर, वरच्या अंगाला जाऊन तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि पंच्यातला शेंदूर त्याने मूठ मूठ सोडला. पाण्यावर लालसर तवंग पसरला. पंचा पिळून त्याने कमरेला बांधला. मग गोणपाट उचलले आणि ते हातात धरून तो बराच वेळ पाण्यात उभा राहिला. तो काय करणार हे मला सांगता आले नसते. तो पाय पाण्यात गेला असता तर फिटरच्या बाजूने काहीही उरले नसते. बॉडीवर राहिलेली चिरेची दुसरी बाजू माप झाल्यावर भट्टीत जाणार होती. शेवटी तो काठावर आला. गोणपाटातले वजन तसेच होते. त्याने मला विचारले की जळगावची गाडी चाळीसगावहून किती वाजता मिळते.

मालकाला हे कळायला वेळ लागला नाही. ओताऱ्याने नवा साचा शाबूत पायांच्या मापावरून केला आणि दुसऱ्या आठवड्यात बॉडी ओतली. पण तुटलेला पाय परत आला नाही, तो मुकादमाने घरी ठेवला आहे, ही बातमी लॉरीबरोबर आली. जुनी चीर कोर्टात दिसली तर मृत्यूची जबाबदारी कारखान्यावर येणार होती. मॅनेजरने नानाला बोलावून पाय मागितला. नंतर घरी माणसे पाठवली. त्यांनी चूल फोडली, धान्याच्या कणग्या उलट्या केल्या आणि नानाच्या बायकोच्या दंडाला धरून तिला अंगणात ओढले. पाय त्यांना सापडला नाही. तो नानाने त्याआधीच फिटरच्या वकिलाकडे नेऊन दिला होता.

यावलहून तेलवाल्याचे दोघे मेव्हणे आले. बहीण विधवा झाली होती, आणि थोरला दीर तिच्या नवऱ्याला मारणाऱ्याची बाजू घेतो असे त्यांना सांगण्यात आले होते. ओट्यावर बसून त्यांनी नानाला विचारले. नानाने त्यांना सगळे सांगितले, तेव्हा थोरला मेव्हणा म्हणाला की मग देवाने मारले म्हणायचे का.  ते पाणी न पिता उठले.

सुनावणीला कोर्टाबाहेर गर्दी होती. फिटरला आणले तेव्हा त्याच्यावर दगड आले. एक त्याच्या कानाजवळ लागून रक्त आले आणि तसाच तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. उजवा हात फडक्याने बांधला होता. सरकारी बाजूने कामगारांच्या साक्षी झाल्या. हातोडी सगळ्यांनी पाहिली होती आणि सगळे खरेच सांगत होते.

नानाला बचावाच्या वकिलाने उभे केले. तुटलेला पाय टेबलावर ठेवला होता. मॅजिस्ट्रेटने तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि चिरेतला रंग कशाचा आहे असे विचारले.

“हाऊ शेंदूर मन्हा हातना शे,” नाना म्हणाला. “गेरू लावाना आधीना शे. हाऊ माणूस तवय आमना जिनमा नव्हता.”

शिरस्तेदाराने ते मराठीत लिहून घेतले. सरकारी वकिलाने उलटतपासणीत विचारले की एवढी खात्री आहे तर त्या सकाळी आरोपीला मारहाण का केली.

“मारं,” नाना म्हणाला. “पहिली लाथ मन्हीच व्हती.”

मागे कोणी तरी शिवी दिली. पट्टेवाल्याने त्याला बाहेर काढले. चीर होती तर ती तुला इतकी वर्षे दिसली कशी नाही, असे वकिलाने विचारले. नाना म्हणाला की मीच झाकत होतो, दिसेल कशी. वकील खाली बसला. सरकारचा विद्युत निरीक्षक पुण्याहून आला होता. चीर जुनी आहे, ती किती वर्षांची हे धातूवरून सांगता येत नाही, पण एका रात्रीत तेल आणि रंग एवढा आत जात नाही, असे त्याने सांगितले.

निकाल दुपारी झाला. फिटरला दोषमुक्त करण्यात आले.

नाना मागच्या दाराने निघाला. स्टेशनच्या रस्त्यावर, कडब्याच्या गाड्या उभ्या राहतात तिथे, काठ्या घेतलेल्या माणसांनी त्याला गाठले. रस्त्यावर माणसे होती, टांगे होते. पहिली काठी डोक्यावर बसली. तो खाली बसला तेव्हा तोंडावर मारले. त्याने हात वर केले नाहीत, असे गाडीवाल्यांनी मला सांगितले. मी पोचलो तेव्हा मारणारे निघून गेले होते, आणि तो कडब्याच्या पेंढीला टेकून बसला होता. तोंडातून रक्त आणि दात येत होते. टांग्यात घालून त्याला सिव्हिल हॉस्पिटलात नेले.

फिटर संध्याकाळच्या गाडीने चाळीसगावला गेला. हाताची दोन बोटे कापावी लागली हे त्याने पुढे पत्राने कळवले. जिनिंग पुढच्या आठवड्यात धुळ्याच्या बॉडीवर चालू झाले.

नानाचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. फिर्याद घ्यायला पोलीस हवालदार खाटेजवळ आला आणि मारणारे कोण होते असे त्याने विचारले. नानाला बोलता येत नव्हते, म्हणून हवालदाराने एकेक नाव घेऊन विचारले. यावलच्या दोघांची नावे त्यात होती. प्रत्येक नावाला नानाने नकारार्थी मान हलवली. फिर्याद नोंदली गेली नाही.